मावशीची बरणी

हमरस्त्यावरच्या थांब्यावर चहाचं दुकान चालवणाऱ्या मावशीपुढे भल्याभल्या ड्रायव्हरांची डाळ शिजत नसे. चहा मागणाऱ्याच्या डोळ्यांत ती आधी निरखून बघे. डोळे तारवटलेले दिसले, की हात पुढे. "किल्ली!" गाडीची किल्ली बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत जाई आणि ड्रायव्हर मागच्या बाकड्यावर. अर्धा तास झोपून तोंड धुतल्याशिवाय चहाही नाही आणि किल्लीही नाही. एक टँकरवाला तर दर खेपेला वाद घाली आणि दर खेपेला घोरत पडे.

परवा मावशीची लेक बाळंत झाली. दोन रात्री मावशीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, तरी दुकान उघडलंच. टँकरवाल्याने पहिला घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. चहात साखरेऐवजी मीठ!

त्याने कप खाली ठेवला. शांतपणे हात पुढे केला. "मावशी, दुकानाची किल्ली."

"चल हट! मला काय धाड भरलीय?" ती फणकारली. पण रांगेतले सगळेच तिच्या डोळ्यांत निरखून बघत होते.

किल्ली बरणीत पडली. अर्ध्या तासाने मावशी बाकड्यावरून उठून आली, तेव्हा टँकरवाला चहा गाळत होता. तिने कपाला हात घातला.

"अंहं," तो म्हणाला, "आधी तोंड धुऊन या."