ब्रेकवर आईचा पाय

उजव्या हाताला पहिल्यासारखी पकड येणार नाही, हे डॉक्टरांनी वडिलांच्या समोरच सांगितलं. वडिलांना आलेला अर्धांगाचा झटका सौम्य होता. बोलणं शाबूत राहिलं, चालणंही हळूहळू जमलं, हात तेवढा मागं राहिला. गाडी चालवायची नाही, असंही डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर वडिलांनी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली.

"उद्यापासून बिडकीनला हीच घेऊन जा. बसमधी कशाला लोंबकळायचं."

मी किल्ली पर्समध्ये टाकली.

वडील वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. आठवडाभर तिथली मशिनं उघडायची आणि सुट्टीच्या दिवशी घरातली, असं त्यांचं आयुष्य गेलं. मिक्सर, कूलर, पाण्याची मोटर, गाडी. आमच्या सिडकोतल्या घरात बाहेरच्या माणसानं पाना लावल्याचं मला आठवत नाही. मी बिडकीनजवळच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. लहानपणापासून त्यांच्या हातात पाने देत आल्यामुळं मला सगळ्यांची नावं पाठ होती. पण स्वतः मी कधी काही उघडलेलं नव्हतं.

गाडी पेट्रोलवरची, छोटी आणि जुनी. तिचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ होऊन गेली होती. इंजिनाचा खालचा आणि वरचा भाग एका तालात फिरवणारा हा दातेरी रबरी पट्टा. चालत्या गाडीत तुटला तर आतले भाग एकमेकांवर आदळतात आणि सगळं इंजिनच उघडावं लागतं. आजारपणाच्या गडबडीत तो राहून गेला होता, आणि मी रोज त्याच गाडीनं पैठण रोडला ये-जा करत होते.

जालना रोडच्या मागच्या बाजूला एक गॅरेज आहे. मालकाचे वडील आणि माझे वडील एकाच कारखान्यातले, त्यामुळं ओळख जुनी. आम्ही गाडी घेऊन गेलो.

"छोड के जाओ अंकल, परसों ले जाना," मालक म्हणाला.

"मी थांबतो की. उघडताना बघतो," वडील म्हणाले.

"अब अंदर किसी को नै आने देते, अंकल. लिफ्ट लगाई ना. वो काच के कमरे में बैठो, ए.सी. है, सब दिखता वहाँ से."

वडिलांनी त्या काचेकडं एकदा पाहिलं, परत येऊन गाडीत बसले आणि "चल घरी" म्हणाले. चौकात सिग्नलला थांबल्यावर बोलले, "काचेतून बघायला मी काय आयसीयूतल्या पेशंटचा नातेवाईक हाये?"

आयसीयूत काचेच्या आतल्या बाजूला तेच होते. बाहेर आई आणि मी होतो.

"घरीच करू," ते म्हणाले. "मी सांगतो, तू कर."

मी नको म्हटलं. पट्टा एक दात जरी मागंपुढं बसला तरी इंजिन बिघडू शकतं, हे मी वाचलं होतं. गॅरेजमध्ये निदान जबाबदारी दुसऱ्याची असते.

"चूक तिथंबी व्हती," ते म्हणाले. "तिथं आपल्याला कळत नाय, एवढंच."

मला पटलं नव्हतं. पण दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी आपणहून काही करायचं म्हटलेलं हे पहिलंच होतं.

नवा पट्टा आणून ठेवला आणि दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी गाडी अंगणात घेतली. वडील प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, मी जमिनीवर पोतं अंथरलं. बॅटरीची तार काढली, चाक काढलं, बाहेरचे छोटे पट्टे काढले. इथवर सोपं होतं. मग खालच्या पुलीच्या, म्हणजे पट्टे फिरवणाऱ्या चाकाच्या, बोल्टशी गाठ पडली. तो वर्षानुवर्षं कोणी हलवलेला नव्हता. पाना लावला की बोल्टबरोबर इंजिनच फिरायचं. ते फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून कोणीतरी ब्रेक घट्ट दाबून बसायला हवं होतं.

वडिलांनी आईला हाक मारली.

आई जन्मात ड्रायव्हरच्या सीटवर बसली नव्हती. हात पुसत बाहेर आली आणि आधी लांबूनच गाडीकडं बघत राहिली. "अहो, मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायचं काय त्यात? मधल्यावर पाय दाब. सोड म्हणेस्तोवर सोडायचा नाय."

"मधला पाय? मला दोनच हायेत."

वडील हसले. बऱ्याच दिवसांनी हसताना मी त्यांना पाहिलं. आई चढून बसली, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि समोरच्या भिंतीकडं रोखून बघत ब्रेक दाबला. मी पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप अडकवला आणि अंगातलं सगळं वजन टाकलं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा फाटकन आवाज झाला. मला वाटलं बोल्ट तुटला. तो सुटला होता.

आईला मग खाली उतरायचं नव्हतं. "परत लागलं तर?" म्हणत तिनं लसणाचं ताट तिथंच मागवलं आणि दार उघडं ठेवून सोलत बसली.

इंजिनाला खालून लाकडी फळी आणि जॅकचा आधार देऊन, ते गाडीला धरून ठेवणारा वरचा मोठा सांधा सोडवला. त्यामागचं झाकण काढल्यावर पट्टा दिसला. कडेला बारीक चिरा पडल्या होत्या. वडिलांनी तो डाव्या हातात घेऊन उलटा वाकवला, चिरा उघडल्या, आणि माझ्याकडं न बघता खाली ठेवला.

नवा पट्टा चढवायला मला फार वेळ लागला. वरच्या आणि खालच्या दातेरी चाकांवर खुणा असतात, त्या आपापल्या जागी जुळाव्या लागतात. वडिलांना वाकता येत नव्हतं, म्हणून मी मोबाइलवर फोटो काढून दाखवला.

"बरोबर हाये," ते म्हणाले.

"मला वरची खूण एक दात पुढं वाटतेय, पप्पा."

"फोटोत बरोबर दिसतीय."

"फोटो वरून काढलाय. खालून बघितलं तर पुढं आहे."

ते चिडले. इतकी वर्षं हेच काम केल्याचं बोलले. मग त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, अर्धे उठले आणि परत बसले. आईनं लसूण सोलायचं थांबवलं होतं.

"वाकून कोण बघतंय?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग तुझंच खरं. काढ."

मी पट्टा काढून पुन्हा बसवला. पान्यानं इंजिन हातानंच सावकाश फिरवलं, खुणा पुन्हा आपापल्या जागी आल्या. "आता ताण दे," ते म्हणाले. "दाब. अजून दाब." मी पट्ट्याला टेकणारं ताणाचं चाक दाबून धरलं आणि त्याचा बोल्ट आवळला.

शेवटचा मोठा बोल्ट त्यांना स्वतः आवळायचा होता. उभं राहायला मी हात दिला. त्यांनी उजव्या हातात पाना धरला, बोटं दांड्याभोवती आली पण मिटली नाहीत. पाना घसरला. त्यांनी तो उचलून माझ्याकडं दिला आणि खुर्चीत जाऊन बसले.

ऊन उतरताना सगळं बसलं. किल्ली आईच्या हाताशीच होती. वडील तिला म्हणाले, "फिरव."

"मी?"

"न्यूट्रल! आधी न्यूट्रल कर!" ते खुर्चीतून ओरडले. मी खिडकीतून हात घालून गिअर काढला. आईनं देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. आईनं दचकून दोन्ही हात वर केले.

मला आनंद झाला. वडील मात्र मान तिरकी करून ऐकत होते. "शिट्टी येतीय," ते म्हणाले. मला ऐकू येत नव्हती. त्यांनी मला बॉनेटजवळ उभं केलं, तेव्हा बारीक, चढा सूर जाणवला.

"ताण जादा झालाय. मीच दाबायला लावलं."

पुन्हा सगळं उघडायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या गॅरेजवाल्याकडं नेऊ."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली. गॅरेजवाल्यानं आवाज ऐकला आणि विचारलं, "किसने डाला, अंकल? आपने?"

"पोरीनं."

त्यानं वरचं झाकण काढून खुणा तपासल्या आणि माझ्याकडं पाहिलं. "मार्क बरोबर है. टाइट हुआ जरा." मग वडिलांना म्हणाला, "बैठो."

वडील काचेच्या खोलीत जाऊन बसले. चहा आला तो त्यांनी डाव्या हातानं घेतला. काम चालू असताना काचेकडं त्यांची पाठ होती. ते टेबलावरचा पेपर वाचत होते. गाडी बाहेर आली तेव्हा शिट्टी गेलेली होती.

बेल्ट अजून नीट चालतोय. त्यानंतर गाडीचं इंजिन ऑइल मी एकटीनं बदललं. आईवडील तेव्हा कन्नडला लग्नाला गेले होते. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. मागं बँडचा गोंधळ होता, त्यामुळं ते मोठ्यानं बोलत होते. जुनं ऑइल सोडायच्या नटाखालचा वॉशर नवा टाकला का, एवढंच त्यांनी विचारलं. टाकला म्हटल्यावर त्यांनी फोन आईकडं दिला.