सातवा फर्मा

शेवंता मोठ्यानं वाचत होती आणि मी जुन्या शिलाईचे दोरे कापत होतो. माले गावातल्या आमच्या घरात दुपारी पडवीत हेच चालायचं. पुस्तकातली मुलगी धरणाच्या पाण्याखाली बुडालेल्या गावात उतरली होती, धाकट्या भावाला परत आणायला. हातातल्या दिव्यात तेल असेपर्यंतच वर येता येतं, असा तिथला नियम. तेल संपत आलं होतं. तिथं फर्मा संपला आणि शेवंता उठली.

"पुढचा वाच की," मी म्हणालो.

"भात कोण टाकणार? तुमी?"

पुढचा फर्मा घेऊन ती चुलीकडं गेली. माझ्या बायकोची ही जुनी सवय. स्वयंपाक करता करता पुढचं वाचून काढायची आणि दुसऱ्या दिवशी मला असं वाचून दाखवायची की जणू तिलाही काही ठाऊक नाही. जेवताना मी विचारलं, "पोरगी वर येती का?"

"उद्या वाचीन. आज सांगितलं तर उद्या काय ऐकशीला?"

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच हार्ट बंद पडलं.

माझा धंदा बाइंडिंगचा. पुण्यात एका प्रेसमध्ये जन्म गेला, आता घरीच करतो. फर्मा म्हणजे काय ते सांगतो. पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याची घडी घालतात, तो एक फर्मा. असे फर्मे ओळीनं लावायचे, ती जुळणी. मग शिलाई, मग पुठ्ठा. पुस्तक खिळखिळं झालं की मी ते सगळं उसवून पुन्हा बांधतो.

भुकूमच्या एका सोसायटीत लायब्ररी आहे. तिथल्या रेवती मॅडम मला काम देतात. वर्षाच्या शेवटी तिथली मोठी पोरं आपली आवडती पुस्तकं निवडतात. ती सगळी जादूची. पोरांना आवडतं तेच पुस्तक फाटतं, म्हणून निवड व्हायच्या आधीच मला निकाल कळतो. वर्षभर तीच पुस्तकं माझ्याकडं आली आणि शेवंतानं ती सगळी वाचली. दर अमावस्येला जागा बदलणारा किल्ला होता. कावळ्यांची भाषा कळणाऱ्या दोन बहिणी होत्या. पिशवीत वादळ बाळगणारा पोरगा होता, तो तिला लई आवडायचा. मला नाही आवडला. वादळ पिशवीत ठेवतो आणि पिशवी खुंटीला टांगून झोपतो, याला काय अक्कल म्हणायची? ड्रॅगनचं एक होतं. एवढ्या मोठ्या जनावराला रोज खायला कोण घालतं, ते शेवटपर्यंत लिहिलेलं नव्हतं. पण पाण्याखालच्या गावाचं पुस्तक दोघांनाही धरून ठेवणारं निघालं. आमच्याकडं धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या घरांची जुनी जोती वर दिसतात. तिथं आत दिवे असतील, हे मला पटायला वेळ लागला नाही.

ती गेल्यावर मी कामाला हात लावला नाही. जेवण भावाच्या घरी. मग मॅडमचा फोन आला.

"काका, घाई करायची नव्हती, पण रविवारी कार्यक्रम आहे. मुलांनी ते धरणाचंच पुस्तक पहिलं निवडलंय. त्यातलंच वाचणार आहेत."

मी जुळणीला बसलो. फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो. पाच, सहा, आठ. पुन्हा लावलं. पाच, सहा, आठ. सातवा नव्हता. हाताला घाम सुटला. घामाच्या हातानं कागद धरायचा नसतो, म्हणून उठलो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

मग घर उलटं केलं. तिची ट्रंक, देवामागची फळी, भिंतीवरच्या फोटोंच्या मागं. चुलीपाशी जाऊन राखसुद्धा चाळली. तिनं कागद जाळला नसता हे मला ठाऊक होतं, तरी चाळली. कुठं नाही.

मॅडमना फोन लावला. "एक फर्मा गावंना."

"गावंना म्हणजे? काका, ते पुस्तक आता कुठंच मिळत नाही. छापणारे बंद झाले. मी तीन लायब्ऱ्यांत विचारलं होतं."

"म्हणून तर सांगतोय."

"झेरॉक्स नाही का करता येणार?"

"कशाची? हातात असता तर झेरॉक्स कशाला लागली असती?"

त्यांनी विचारलं, "नेमका कुठला भाग आहे?"

"दिव्यातलं तेल संपतं तितला."

"अहो, मुलं तोच वाचणार आहेत."

फोन ठेवला. पुस्तक एकच आणि ते माझ्या घरात अर्धं झालेलं. काम बुडालं तर बुडालं, दुसरं येईल. पण पुढं काय झालं ते ज्या कागदावर होतं तोच गेला होता, आणि जे माणूस मला ते वाचून दाखवणार होतं तेही.

तेवढ्यात गादी आठवली. तेराव्यानंतर तिची गादी-गोधडी ओढ्यापलीकडच्या सुंदराबाईला दिली होती. शेवंता पडल्या पडल्या वाचायची. गादीखाली ठेवून झोपली असली तर? तसाच पायात चपला सरकवून निघालो. ओढ्यापर्यंत चाललो, पुढं धावलोच. या वयात धावू नये.

सुंदराबाई दारात तांदूळ निवडत होती. "काय वो दादा, तोंड असं का?"

"ती गादी बघायची हाय."

"दिलेली गादी परत मागत्यात व्हय?"

"मागत न्हाई. बघायची हाय. त्यात कागद हाय का ते."

"पैशाचा?"

"गोष्टीचा."

तिनं तांदूळ बाजूला सारले. मग आत जाऊन स्वतःच गादी ओढून आणली. उसवली, कापूस बाहेर काढला, चाचपला. काही नव्हतं. मी तिथंच बसलो.

"दादा, शेवंताबाय कागद असा कुटंबी टाकायची व्हय?" ती कापूस आत कोंबत म्हणाली. "माज्या पोराचं सर्टिफिकेट चुरगाळलं तवा किती बोलली मला. म्हणाली, कागद वजनाखाली ठेव, नायतर कान दुमडत्यात."

मी उठलो. सुंदराबाईला वाटलं मी रागावलो. रागावलो होतो, पण स्वतःवर. चाळीस वर्षं बाइंडरची बायको. घडीचा कागद मोकळा ठेवला की फुगतो, म्हणून तो नेहमी दाबाखाली ठेवायचा, हे तिला मीच शिकवलं होतं. आणि मी शोधत होतो गाद्यांत आणि फळ्यांवर. घरात जड काय आहे, एवढंच बघायचं होतं.

पुस्तकं दाबायचा प्रेस बघितला, रिकामा. पाटा उचलला, खाली मुंग्या. मग उरला तांदळाचा डबा. इंद्रायणीचा, गळ्यापर्यंत भरलेला. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. लावायचं कारणच पडलं नव्हतं. भिंतीला पाठ टेकवून पायानं लोटला. खाली स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला सातवा फर्मा. सपाट, एक कान दुमडलेला नाही.

तिथं बसून वाचत राहिलो असतो, पण शनिवारची दुपार कलायला लागली होती. शिलाई करून खळ लावली की पुस्तक रात्रभर दाबाखाली राहावं लागतं, नाहीतर पुठ्ठा वाकतो. मॅडमना कळवलं, "गावला."

"कुठं होता?"

"तांदळाखाली."

"तांदळाखाली?"

"उद्या आणतो," मी म्हणालो. शिलाई घातली, पाठीला कापड लावलं, प्रेसचा स्क्रू आवळला. सुई दोनदा बोटात गेली. पानावर डाग पडू दिला नाही.

धंद्यातली गोष्ट म्हणून सांगायची तर एवढीच. फर्मा हरवला की आधी जड वस्तू उचलून बघाव्यात. माणसांना विचारायचं ते नंतर. मी उलटं केलं, आणि विचारलं म्हणूनच सापडला, तेव्हा या शिकवणीवरही फार भरवसा ठेवू नका.

रविवारी सकाळी उठलो. डब्यातून तांदूळ काढले. पोरकिडे झाले होते, ते निवडले. भात टाकला. पुस्तक प्रेसमधून काढून चुलीपाशी बसलो आणि जिथं ती थांबली होती तिथून वाचायला लागलो. माझं शिक्षण तिसरी. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत वाचतो, आणि मोठ्यानंच वाचतो, कारण मनात वाचायला मला येत नाही. मॅडमचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही.

पोरगी वर येते. भाऊ येत नाही. तो आपल्या दिव्यातलं तेल तिच्या दिव्यात ओततो आणि खाली राहतो.

हे वाचून झाल्यावर शेवंता त्या शेवटच्या रात्री माझ्यासमोर जेवायला बसली होती, आणि तोंडावर काही दिसू दिलं नव्हतं.

भात खाली लागला होता. तो खाल्ला, पुस्तक फडक्यात गुंडाळलं आणि भुकूमची गाडी धरली.