एका हाताचा कीबोर्ड

लातुरात त्या काळी दर चौकात एक फ्लेक्स असायचा आणि बऱ्याच फ्लेक्सवर परीक्षेत पहिला आलेला एकच मुलगा. मुलगा एकच, क्लास निराळे. त्याला आपणच घडवलं, असं तीन क्लासवाल्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि मी ज्या क्लासमध्ये फिजिक्सचे प्रश्न काढायला जायचो तो त्या तिघांपैकी एक. निवृत्तीनंतर मुखेडला गावी जाऊन बसावं असं मनात होतं. पण गावात बसून नेमकं काय करायचं हे कुणी सांगेना, म्हणून लातुरातच राहिलो.

क्लासच्या मागच्या खोलीत प्रश्नपत्रिका टाइप व्हायच्या. टाइप करणारी बाई एकच. माझ्या लेकीच्या वयाची होती, तरी सगळ्यांसारखा मीही तिला ताईच म्हणायचो. किल्लारीच्या बाजूची. भूकंप झाला तेव्हा ती पहिलीत होती. भिंतीचे दगड डाव्या हातावर आले आणि मनगटापुढचं काही उरलं नाही. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही अर्ध्या वाक्यात, आणि उरलेल्या अर्ध्या वाक्यात विचारलं की बाराव्या प्रश्नाचा ‘क’ पर्याय बरोबर आहे का. तो बरोबर नव्हता.

एका हाताने ती दोन हातांच्या माणसापेक्षा जलद टाइप करायची. याचं गुपित असं काही नव्हतं, व्यवस्था होती. फिजिक्सच्या पेपरात वर्गमूळ, बाण, डिग्रीचं चिन्ह, डेल्टा, असली मंडळी पावलोपावली लागतात. तिने कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीतल्या फंक्शन बटणांना, एफ वन ते एफ ट्वेल्व्हना, एकेक चिन्ह नेमून दिलं होतं. एक बटण, एक चिन्ह. आणि जिथं दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे छपाईसाठी कंट्रोल धरून पी, तिथं तिने कॉम्प्युटरची एक सोय चालू करून ठेवली होती. स्टिकी कीज म्हणतात तिला. कंट्रोल दाबायचं, सोडायचं, मग पी दाबायचं. कॉम्प्युटर ते एकदमच दाबलं असं धरून चालतो. अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी बसणारे बारीक अंक तर तीन बटणांचे असतात. ते ती एकामागून एक, टक टक टक, असे बसवायची.

आमचे संचालक समारंभप्रिय होते. सॉफ्टवेअरच्या परवान्याबद्दल एका कंपनीचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरवर फुकटातलं लिनक्स टाकून घेतलं आणि पालक मेळाव्यात जाहीर केलं की जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात ती प्रणाली आता लातुरात आली आहे. ताईने आठवडाभरात आपली सगळी व्यवस्था नव्या ठिकाणी पुन्हा बसवली. इथवर सगळं ठीक होतं.

पुढे क्लासची शाखा नांदेडला निघाली. त्या आनंदात लातूरच्या लॅबचं, आमची मागची खोली धरून, नूतनीकरण झालं. नूतनीकरण म्हणजे भिंतीला निळा रंग आणि सगळ्या टेबलांवर एकसारखे, खालून उजेड देणारे छोटे कीबोर्ड. फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाले. जुने कीबोर्ड त्याच दुपारी भंगारवाल्याच्या हातगाड्यावर चढले.

दुसऱ्या दिवशी ताईने वर्गमूळ मागितलं तर कॉम्प्युटरचा आवाज बंद झाला. डिग्री मागितली तर आवाज वाढला.

“सर, इकडं या जरा,” तिने मला हाक मारली. “मी बाण मागतेय, हे गाणं लावायला बघतंय.”

कीबोर्ड छोटा असल्यामुळे फंक्शन बटणांवर दुसरीच कामं लादलेली होती. खरं एफ टेन हवं असेल तर खालच्या कोपऱ्यातलं एफएन नावाचं बटण धरून ठेवून वरचं बटण दाबायचं. एक बटण तळाशी, एक माथ्यावर. माझा पंजाही ताणला जायचा. स्टिकी कीजची सोय या एफएनला मोजतच नव्हती. ते सोडलं की सुटलंच. त्यात आणखी एक त्रास म्हणजे कंट्रोलचे शॉर्टकट कधी चालत, कधी अजिबात नाही; स्टिकी कीज आपोआप बंद पडलेली असायची, ती पुन्हा चालू करावी लागायची.

“माउसने करून बघा की,” मी म्हणालो.

“माउस धरायला हात उचलावा लागतो सर. आणि हात एकच हाय.”

दर शनिवारी पेपर छापून त्याचे गठ्ठे साडेचारच्या एसटीने नांदेडला जायचे, रविवारी सकाळी दोन्हीकडे एकाच वेळी परीक्षा. त्या शनिवारी पेपर सहाला झाला. नांदेडच्या मुलांनी रविवारी आधीच्या महिन्याचा पेपर पुन्हा सोडवला, आणि त्यातल्या काहींना पुन्हा तेवढेच मार्क पडले.

सोमवारी संचालक मागच्या खोलीत आले, कीबोर्डवर दोन बटणं दाबून बघितली. आवाज प्रेमळ होता, म्हणून मी सावध झालो.

“मॅडम, तुमच्यावर फार ताण पडतो. येत्या शनिवारी काय होतं ते बघू. नाहीतर टायपिंग बाहेरच्या डीटीपीवाल्याला देऊन टाकू. तुम्ही समोर काउंटरवर बसा. पालक येतात, तुमच्याकडे बघून त्यांना प्रेरणा मिळेल.”

ते गेल्यावर ताई बराच वेळ टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छच होतं.

“मला बघायला ठेवणार हायत,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “बाजारातून दुसरा साधा कीबोर्ड आणतो मी.”

“न्हाई. मग म्हणतील, बाईला येगळं लागतंय. भूकंपानंतर आमच्याकडं लई लोक मदत घेऊन आले होते. आमच्या एका घराला सात कंदील दिले. काय पाहिजे ते कुणी विचारलं न्हाई, फोटोला उभं राहा म्हणाले. ह्याच कीबोर्डवर जमवायचं सर. तुम्ही येता का, न्हाई तर मी एकटी बसते.”

मी बसलो. मला कॉम्प्युटरमधलं फार कळत होतं असं नाही. पण चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो होतो की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते लिहून ठेवा. एकदा तरी ते स्वतः करून बघायला हरकत नव्हती.

एखादं बटण दाबलं की ते काय म्हणतंय ते पडद्यावर छापून दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिनक्समध्ये असतो. मंगळवारी आम्ही प्रत्येक बटणाची साक्ष काढली. ताई दाबायची, मी वहीत लिहायचो; कोण येऊन बसलं आणि कंट्रोल कधी बंद पडलं तेही, मागच्या शनिवारपासूनचं. एफ टेन म्हणालं, मी आवाज बंद. एफ ट्वेल्व्ह म्हणालं, मी आवाज मोठा. एफएन काहीच म्हणालं नाही. डेस्कटॉपच्या शॉर्टकटच्या यादीतून आम्ही आवाजाचे शॉर्टकट काढून टाकले. आता आवाज वाढेना, पण डिग्रीही उमटेना. म्हणजे दोष त्या यादीत नव्हता, तिच्या अलीकडे होता. एवढंच कळायला दिवस गेला.

बुधवारी मी कॉम्प्युटरला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली आणि हसू आलं. आमचा कीबोर्ड स्वतःला एका नामांकित, महागड्या परदेशी कंपनीचा म्हणवत होता. खोक्यावर तर भलतंच नाव होतं. स्वस्तातल्या कीबोर्डने थोरामोठ्याचं आडनाव लावलं होतं आणि लिनक्सने भाबडेपणाने ते खरं मानलं होतं. त्या थोर कंपनीच्या कीबोर्डांना लिनक्स खास वागणूक देतं: वरच्या ओळीत आधी आवाज आणि गाणी, फंक्शन बटणं मागाहून.

“म्हणजे आपल्या क्लाससारखंच की,” ताई म्हणाली. “पोरगं दुसऱ्याचं, फ्लेक्स आपला.”

ही वागणूक बदलण्यासाठी एका फाइलमधला एक आकडा बदलायचा होता, एकाच्या जागी दोन. तो बदलायला मुख्य पासवर्ड लागत होता. मी संचालकांकडे जायला उठलो, तर ताईने तो टाइपच करून टाकला.

“तुम्हाला कसा माहीत?”

“त्यांचं नाव आन् पुढं नंबर वन. दुसरं काय असणार हाय सर?”

आकडा बदलला. ताईने एफ टेन दाबलं. पडद्यावर वर्गमूळ उमटलं. तिने ते सलग एक ओळभर उमटवलं, मग सगळं खोडलं आणि पेपर घ्यायला हात पुढे केला. गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर एफ टेन दाबून पुन्हा काहीच उमटेना. आदल्या दिवशीचा बदल तात्पुरता होता. तोच आकडा दुसऱ्या, कायमच्या फाइलमध्ये लिहिला, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू करून पाहिला. टिकला.

शुक्रवारी जवळजवळ निम्मा पेपर झाला. कंट्रोलचे शॉर्टकटही दिवसभर निमूट चालले. मला वाटलं, दोन्ही आजार एकच होते आणि एकाच गोळीने गेले. तशी खात्री करून घेण्याची मी काही तसदी घेतली नाही, हे इथं नमूद करायला हवं.

शनिवारी दुपारी दीड वाजता संचालक एका पाहुण्याला घेऊन आले. नूतनीकरणापासून आमच्याकडे नवी प्रथा पडली होती. दर शनिवारी पेपरचं पहिलं पान कुणा मान्यवराच्या शुभहस्ते छापायचं. त्या आठवड्याचे मान्यवर फ्लेक्सवरच्या मुलाचे काका होते. ताई खुर्चीवरून उठली. काका बसले.

“इथं कंट्रोल, इथं पी. दोन्ही एकदम दाबा साहेब,” संचालक म्हणाले.

काकांनी दोन हातांची दोन बोटं पुढे केली, डोळे मिटले आणि दाबली. प्रिंटर घरघरला. टाळ्या झाल्या. अपूर्ण पेपरचं पहिलं पान हातात धरून फोटो निघाला आणि मंडळी चहाला गेली.

ताई बसली. कंट्रोल, सोडलं, मग बी. ठळक अक्षराऐवजी पानावर नुसतं बी उमटलं. शिफ्ट दाबून सोडलं, मग एन, छोटं एन. बारीक अंक पायाशी बसेनात, ओळीतच उभे राहिले. चाळीस प्रश्न बाकी होते.

“सरका, मी बघतो,” मी म्हणालो. तिला बाजूला करून मी सोय पुन्हा चालू केली, आणि चालते का बघावं म्हणून कंट्रोल धरून बी दाबलं. ठळक झालं. “झालं बघा.”

ती बसली. पुन्हा नुसतं बी.

मी पुन्हा उठवलं, पुन्हा चालू केली, पुन्हा दाबून पाहिलं. माझ्या हाताने सगळं बरोबर चालायचं. तिसऱ्यांदा मी खुर्चीला हात घातला तेव्हा ती उठलीच नाही.

“थांबा सर. हात लावू नका.”

“अहो, पण—”

“तुम्ही हात लावला की बिघडतंय. मागच्या शनिवारी बी पाव्हणे येऊन गेल्यावरच बिघडलं. सोमवारी साहेबांनी दाबून बघितलं, मंगळवारभर बंद. काल कुणीच आलं न्हाई, काल दिवसभर नीट. माणूस येतंय, मदत करतंय, आन् बंद पडतंय.”

मला राग आला. अर्धा मिनिट टिकला. मग मी वही काढली. वहीत सगळं होतं, फक्त मी ते वाचलं नव्हतं. कोण येऊन बसलं आणि कधी बंद पडलं, एकाखाली एक.

ताईने माउस धरून स्टिकी कीजचं पान उघडलं आणि या वेळेस तिथली प्रत्येक ओळ सावकाश वाचली. खाली एक लहानशी चौकट होती, तिच्यात बरोबरची खूण आधीपासूनच होती. दोन बटणं एकदम दाबली गेली तर ही सोय बंद करावी, असं तिथं लिहिलं होतं. ज्याने हे बनवलं त्याचा हिशोब सरळ होता. दोन बटणं एकदम दाबली, म्हणजे बसलेल्या माणसाला दोन हात आहेत, त्याला ही सोय कशाला? ताईने आयुष्यात कधी दोन बटणं एकदम दाबली नव्हती, त्यामुळे तिचं कधीच अडलं नव्हतं. आणि जुन्या कळकट कीबोर्डला पूर्वी दुसरं कुणी हात लावत नव्हतं. लावावासा वाटावा असा तो नव्हताच.

तिने ती खूण काढली, सोय चालू केली आणि मला म्हणाली, “आता दाबा दोन हातांनी. काय दाबायचं ते दाबा.”

मी कंट्रोल धरून बी दाबलं. मग तिने कंट्रोल, सोडलं, बी. ठळक.

“वाचा सर, एक्केचाळीसपासून.”

मी प्रश्न वाचत गेलो, ती टाइप करत गेली. बाण, डेल्टा, वर्गमूळ. मधे एकदा तिने मला थांबवून त्रेपन्नाव्या प्रश्नाचं एकक चुकलंय म्हणून सांगितलं; एकदा पाणी प्यायली. चार वाजायला थोडं असताना शेवटचं पान आलं. छपाई, मोजणी, गठ्ठे. एसटी उभी होती तोवर नांदेडचे गठ्ठे कंडक्टरच्या ताब्यात गेले. संचालक दारात येऊन, “मी म्हटलंच होतं, आमच्या मॅडम करतील,” असं म्हणून गेले. डीटीपीवाल्याचं नाव त्यांनी काढलं नाही, काउंटरचंही नाही.

मी पिशवी उचलली. ताई अजून खुर्चीवरच होती.

“सर, आता हे समदं होतं तसं करून ठेवा.”

“म्हणजे?”

“आकडा परत एक करा. ती खूण परत घाला. बिघडवा.”

“कशाला? आत्ता तर कुठं—”

“तुम्ही उद्या मुखेडला जाल, चार दिवस येणार न्हाईत. बुधवारी साहेब नवं काहीतरी आणतील. तवा मी कुणाची वाट बघत बसू?”

मी पिशवी ठेवली आणि बिघडवलं. मनापासून बिघडवलं, दोन्ही फाइलींत जुना आकडा घातला, खूण घातली, आवाजाचे शॉर्टकट परत यादीत आणले. तिने पहिल्या वेळेस मला दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळेस एकदाच, तेही फाइलच्या नावाचं स्पेलिंग. मग म्हणाली, पुन्हा बिघडवा, आणि या वेळेस बोलू नका. मी बोललो नाही. तिने पासवर्ड घातला, आकडा बदलला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चौकटीतली खूण काढली आणि एका हाताने कोऱ्या पानावर आवर्त सारणीतली पहिली वीस मूलद्रव्यं बारीक अंकांसकट उमटवली. मी शेजारी बसून होतो, पण तिथं माझं आता काही काम नव्हतं.