क्रेनकाकांनी जोडलेला कॉम्प्युटर

बंदरावर त्यांना सगळे क्रेनकाका म्हणत, आणि बंदर सुटल्यावर ते नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जमिनीपासून दहा मजले वर, काचेच्या एका खोपटात बसून काढली होती. समोर काच, बाजूला काच, पायांखालीही काच. जहाजातला कंटेनर उचलायचा, धक्क्यावर थांबलेल्या ट्रकवर अलगद टेकवायचा, की पुढचा. त्यांनी कंटेनर ठेवला तर खालच्या ड्रायव्हरच्या कपातला चहा हिंदकळत नाही, अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती असं काही जण म्हणत, पण खोटी आहे असं कोणी म्हणत नसे.

मग एकदा वर्षाच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा अधू झालाय, आता अंतराचा अंदाज चुकणार, वर चढायचं नाही. खाली ऑफिसात टेबलाशी बसायची तयारी त्यांनी दाखवली नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते घरी आले.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन, वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर. घरात उरले ते आणि सूनबाई. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दोघांचं एकमेकांशी वाकडं नव्हतं, पण बोलणं मोजकंच. "जेवायला वाढू?" "वाढ." "औषध घेतलंत?" "घेतलं." तेवढ्यावर दिवस निघत होता.

समोर एक इमारत चढत होती आणि तिच्या डोक्यावर पिवळी क्रेन फिरत होती. क्रेनकाका खिडकीत उभे राहून तिच्या ऑपरेटरला रागे भरत. "अरे, झोका मरू दे आधी! लोंबकळतंय बघ ते! कुणी बसवलं रे तुला तिथे?" ऑपरेटरला अर्थातच काही ऐकू जात नसे. शेजारच्यांना मात्र सगळं जात असे.

एका संध्याकाळी सूनबाई कामावरून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, क्रेन चालवायचा खेळ मिळतो कॉम्प्युटरवर. अगदी बंदर असतं त्यात."

"खेळ?" क्रेनकाकांनी नाक मुरडलं. "ह्या वयात खेळ खेळू मी?"

काका पुन्हा खिडकीकडे वळले. पण विषय त्यांच्या डोक्यातून जाईना. दोन-चार दिवसांनी जेवताना, ताटातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्याला काय काय लागतं?"

आणि सूनबाई बोलायला लागली. माहेरी ती आणि तिचा भाऊ मिळून कॉम्प्युटर जोडत असत, जुने सुटे भाग आणून. लग्नानंतर ते मागे पडलं. का मागे पडलं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिचं अन्न गार झालं तरी तिचं बोलणं संपेना. क्रेनकाका घास हातात धरून ऐकत राहिले. ही मुलगी एवढं बोलते, हे त्यांना नवीनच होतं.

रविवारी दोघं बाजारातल्या एका तळघरातल्या दुकानात गेली. भिंतींना खोकी छतापर्यंत, मधे काचेचं काउंटर, त्यामागे एक गलेलठ्ठ, प्रसन्न दुकानदार. त्याने आधी विचारलं, "काका, किती खर्चायचे? तीन वाटा आहेत. कमीत करायचं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. चित्र काढायचं कामही प्रोसेसरच करेल, फक्त दम लागेल त्याला. मधल्या वाटेने गेलात तर कार्ड वेगळं येईल, खेळ झुळझुळ चालेल. आणि हात सैल सोडणार असाल, तर मग बसा, चहा मागवतो."

"हात सैल सोडायचा नाही," काका म्हणाले, "पण वस्तू दणकट हवी." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या कॅबिनेटवर, म्हणजे ज्या पेटीत सगळे भाग बसतात तिच्यावर, हात ठेवला. जाड पत्रा, भक्कम पाय. बोटाने ठोकून पाहिलं. "हे द्या."

"नको," सूनबाई म्हणाली.

"का नको?"

"बाबा, पत्रा खेळ चालवत नाही. ती छोटी घेऊ, टेबलाखाली मावेल. वाचतील ते पैसे पॉवर सप्लायमध्ये घालू. तिथे हात आखडून चालणार नाही. पुढेमागे कार्ड बसवलं तर त्यालाही तोच पोसणार."

"अगं, पुढेमागे बसवायचंच असेल, तर मोठी पेटी नको का?"

"कार्ड येईल तेव्हा बघू!"

तिचा आवाज चढला होता. काउंटरवरची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. काकांचाही पारा चढला. घरात आल्यापासून ही पोर कधी शब्दाला शब्द देत नव्हती आणि आज भर दुकानात वाद घालते! ते तोंड फिरवून पंख्यांच्या खोक्यांवरचं बारीक अक्षर वाचत उभे राहिले. एका डोळ्याने ते धड लागतही नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "घे तुला काय घ्यायचं ते."

ती छोटी पेटी घेऊन निघाली. रिक्षात दोघं मधे खोकी ठेवून बसली, एक इकडे बघत, एक तिकडे बघत. घर आल्यावर मात्र काकांनी सगळ्यात जड खोकं स्वतः उचललं.

दुपारी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून दोघांनी भाग मांडले. ती सांगे, काका स्क्रू पिळत. अधू डोळ्यामुळे स्क्रूचं तोंड सापडायला वेळ लागे, पण हात स्थिर होता. शेवटी वायरी लावल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन काळाठिक्कर. पुन्हा दाबलं. काळाच.

"जळलं की काय गं? मी काही वेडंवाकडं केलं का?"

सूनबाईने पेटी आडवी केली, आत बोटं घालून एकेक भाग चाचपला आणि हसायलाच लागली. "बाबा, रॅमची पट्टी पुरती बसलेलीच नाही. दाबली का नाहीत?"

"मोडेल म्हणून हलकेच ठेवली."

"ह्याला अलगद नाही चालत, चांगलं दाबायचं." तिने त्यांचा अंगठा धरून पट्टीवर टेकवला. 'कट्' असा आवाज झाला. स्क्रीनवर अक्षरं उमटली आणि काकांचा जीव भांड्यात पडला.

क्रेनचा खेळ त्यांनी आठवडाभर खेळला. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं की इथे डोळ्याची अडचण नाही. स्क्रीन सपाटच, दोन्ही डोळे धड असलेल्यालाही अंतर सावलीवरूनच ओळखायचं. कंटेनर भराभर लागत गेले. स्क्रीनवर चांदण्या उधळल्या, शाबासकी आली. तरी आठवड्याने ते खुर्चीतून उठले ते पुन्हा बसलेच नाहीत.

"आवडलं नाही?" सूनबाईने विचारलं.

काकांनी थोडा विचार केला. "खाली माणूस नाही गं. ट्रक आहे, पण आत कोणी नाही. चुकलं तर चुकलं. पुन्हा पहिल्यापासून." मग म्हणाले, "एवढी वर्षं रोज वाटायचं, आज खालच्या माणसाला काही होऊ नये. तो घोर नसला की हात चालतो, पण मन लागत नाही."

तिने मान हलवली.

खुर्ची रिकामी राहिली तशी ती बसायला लागली. कामावरून यायची, पीठ मळून झाकून ठेवायची आणि तासभर खेळायची. दूरच्या शहरातून तिचा भाऊ त्याच खेळात यायचा. दोघं मिळून कुठल्याशा पडक्या किल्ल्यात शिरून राक्षसांची कत्तल करत. ती हेडफोन लावून भावाला ओरडायची, "अरे गाढवा, मागे बघ, मागे!" आणि खदखदून हसायची. क्रेनकाका वर्तमानपत्राआडून ऐकायचे. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. हे हसणं त्यांनी या घरात ऐकलं नव्हतं.

पण राक्षसांची गर्दी झाली की चित्र अडखळायचं. प्रोसेसरला दम लागायचा. ती चडफडायची आणि म्हणायची, "चालायचंच. कमीत केलंय ना." हे दोन-तीनदा ऐकल्यावर काका एका सकाळी एकटेच तळघरात गेले.

"मधली वाट दाखवा," ते दुकानदाराला म्हणाले.

चांगलं दोन पंख्यांचं कार्ड घेऊन ते घरी आले. ती कामावर होती. मनात होतं की यायच्या आधी बसवून ठेवावं. पेटी उघडली, कार्ड आत धरलं. जाईना. तिरकं केलं, उलटं केलं. कार्ड पेटीपेक्षा चांगलं बोटभर लांब होतं. त्याच वेळी कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि दारात सूनबाई नव्हती, मुलगा होता. जहाज ठरल्यापेक्षा आधीच बंदराला लागलं होतं. न कळवता येऊन चकित करावं असा त्याचा बेत होता. टेबलावर उघडी पेटी, वायरींचं जंजाळ, हातात स्क्रूड्रायव्हर घेतलेला बाप बघून तोच चकित झाला.

संध्याकाळी नवरा-बायको स्वयंपाकघरात बोलत होती. दोन खोल्यांच्या घरात हळू बोललेलंही सगळ्यांचंच असतं.

"मी फोन केला की म्हणतेस, विशेष काही नाही. हे विशेष नाही? रोज खेळत बसतेस, बाबा भाग आणतात, आणि मला पत्ताच नाही!"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"काय म्हणणार? बाबांना चालतं का, विचारलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

क्रेनकाका उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "मग विचार ना," ते मुलाला म्हणाले. "इथेच तर आहे मी."

मुलगा गोंधळला. सूनबाईने भाजी ढवळायचा चमचा तसाच हातात धरला.

"मी म्हणतो," काका म्हणाले, "पेटी मोठीच घ्यायला हवी होती. मी तेव्हाच सांगत होतो. हिने ऐकलं नाही."

मग सूनबाई बाहेर आली, तिने टेबलावरचं कार्ड पाहिलं, पेटीशेजारी धरून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "बाबा, हे कधी आणलंत? आणि आणायच्या आधी मोजायचं नाही का?"

"जहाजावर असं केलं तर कॅप्टन समुद्रात ढकलेल," मुलगा म्हणाला. पण तो टेबलाजवळ येऊन बसला होता, आणि वायरी त्याच्या ओळखीच्या होत्या. थोड्याच वेळात तो त्या एका जुडग्यात बांधत होता. राग त्याच्या तोंडावर अजून होता, फक्त त्याला कुठे ठेवावं हे कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिघं मिळून मोठी पेटी घेऊन आली, भक्कम पत्र्याची. वाटेत मुलाने बायकोला विचारलं, "तो किल्ल्याचा खेळ तिघांना खेळता येतो का?" ती म्हणाली, "चौघांनासुद्धा." सुट्टी संपून तो परत गेला तेव्हा आपल्या माघारी घरातली आपली जागा हिरावली गेली असं त्याला वाटत होतं की नाही, हे त्याने सांगितलं नाही. फोन मात्र आता दोघांनाही करायचा, आणि बापाला आधी.

दुकानदाराने पुढे क्रेनकाकांना जोडणीच्या कामाला सकाळी तीन तास बोलावून घेतलं. कुणी कमीत करून मागे, कुणी मधल्या वाटेने, एखाददुसरा हात सैल सोडणारा येई आणि त्याच्यासाठी खरंच चहा मागवला जाई. काका स्वस्त जोडणीला जेवढा वेळ घेत तेवढाच महागडीला. आधी मात्र ते फूटपट्टी लावून कार्ड आणि पेटी दोन्ही मोजत, आणि त्यावरून दुकानदार त्यांना चिडवत असे.

स्वतः ते खेळत नाहीत. रविवारी दुपारी सूनबाई हेडफोन लावून बसलेली असते, ते पलंगावर पाय पसरून कोडं सोडवत असतात. दाराची बेल वाजते. ती स्क्रीनवरून नजर न हटवता ओरडते, "बाबा, बघता का जरा कोण आहे ते? मी आत्ता मेले तर भाऊ एकटा पडेल!"

"हो हो, उठतोय," असं म्हणत क्रेनकाका चपला शोधतात आणि दार उघडायला जातात.