पाणी बघणं

थेल्मा बर्बेज बावीस वर्षं कालव्यातल्या बोटीवर राहिली, पण नवऱ्याच्या हयातीत तिने बोटीचा मागचा भाग कधी आपला मानला नाही. पुढची शेगडी, बिछाने, खिडकीतली जिरॅनियमची कुंडी हे तिचं. इंजिन, सुकाणू आणि काळं ग्रीस हे क्लिफर्डचं. साठ फूट लांब आणि सात फुटांहून कमी रुंद अशा घरात एवढी तरी वाटणी लागतेच. क्लिफर्ड माघ सरता सरता गेला. चॅपलमधली प्रार्थना झाली, माणसं पांगली, आणि तिसऱ्या दिवशी थेल्माच्या लक्षात आलं की रोज संध्याकाळी बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याच्या ग्रीसकुपीला एक वेढा द्यायचा असतो आणि तो तीन दिवस कुणीच दिलेला नाही. मागे थेंब थेंब पाणी झिरपून साचलं होतं. तिने वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: ग्रीस, रोज, चहाच्या आधी.

वही भरत गेली. शेगडीच्या दाराच्या फटीतली, धूर अडवणारी दोरी काळी पडली की बदलायची. थंडीत डिझेलची टाकी भरलेली ठेवायची, रिकाम्या जागेत दव धरतं आणि ते इंजिनात जातं. कितीही गारठा असो, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची. निम्म्या गोष्टी तिला शेजारच्या बोटीवरच्या आयव्हरने सांगितल्या. हा आयव्हर सत्तरीचा, बिनलग्नाचा, एक खांदा कायमचा आखडलेला. त्या मुलखात आपल्या माणसाला लाडाने बदक म्हणतात, त्यामुळे तो तिला बदके म्हणायचा, आणि चूक झाली की "बदके, हे काय गं?" एवढंच.

मुलगी बेव्हर्ली नॉटिंगहॅमला. तिने आईसाठी खोली रिकामी केली होती, पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. थेल्माने तिला शब्द दिला होता: बोटीचं बूड डांबराने काळं करायची वेळ आलीय; चार मैल आणि सहा लॉक ओलांडून सुक्या गोदीपर्यंत बोट मी माझ्या हाताने नेली तर राहीन, नाही जमलं तर विकून तुझ्याकडे येईन. शब्द देताना तिचा आवाज ठाम होता. मनात मात्र ती पडद्याचा रंग कोणता असेल याचा विचार करत होती.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी ती निघाली. आयव्हर काठाने सायकलवर, पुढे जाऊन लॉकची, म्हणजे बोट वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवणाऱ्या हौदांची, दारं उघडायला. बोटीवर मात्र तो पाय ठेवणार नव्हता. मुलीला दिलेला शब्द त्यालाही माहीत होता. काठाला बांधलेल्या बोटींजवळून थेल्मा इतकी हळू गेली की एका म्हाताऱ्याने खिडकीतून विचारलं, इंजिन चालू आहे की वाऱ्याने चाललीस? पहिला लॉक नीट पार पडला. दुसऱ्यात ती लॉकच्या मागच्या दाराखालच्या उंबऱ्यापासून बोट पुढे ठेवायला विसरली नाही. पाणी उतरताना शेपूट त्या उंबऱ्यावर अडकलं की बोट नाकावर उभी राहते, हे तिने एकदा दुसऱ्याच्या बोटीचं होताना पाहिलं होतं. चौथ्या लॉकपर्यंत तिला गुणगुणायला सुचलं, रविवारच्या भजनातलं एक कडवं.

तिथून पुढे पंखा अडकला. इंजिन घरघरतंय आणि बोट जागेवर. तिने काठाला बोट बांधली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून गळ्यात अडकवली. ही क्लिफर्डची रीत: हात पंख्यापाशी असताना किल्ली गळ्यात. मागची फळी उचलली, पंख्यापर्यंत हात पोचावा म्हणून त्याच्यावर ठेवलेल्या खोक्याचा आडवा स्क्रू सैल करून झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घातला. कुणाचा तरी लोकरी स्वेटर होता, पाती आणि दांडा मिळून सात-आठ वेढे बसलेले. पाव कापायच्या सुरीने अर्धा तास कापाकापी चालली. शेवटची बाही बाहेर आली तेव्हा तिने आकाशाकडे पाहून देवाचे आभार मानले, झाकण बसवलं, स्क्रू आवळला, किल्ली फिरवली आणि निघाली. पुढच्या लॉकला आयव्हर वाट बघत होता, उशीर नको.

शंभर पावलंही गेली नसतील. बोटीच्या कुशीतून पाण्याची बारीक धार पडू लागली. मागे साचलेलं पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू होतो आणि थोडं थुंकून थांबतो, हे तिला माहीत होतं. हा थांबेना. काठावरून आयव्हर सायकल वळवून येत म्हणाला, "बदके, तुझं बूड खाली बसतंय."

इतर दिवशी तिने त्याला यावर उत्तर दिलं असतं. आज तिने इंजिन बंद केलं, दोर टाकला, फळी उचलली. इंजिनाच्या पोटाला पाणी टेकलं होतं. इंजिन थांबताच पाणी यायचं थांबलं, पंपाने हळूहळू उपसा केला. झाकणाच्या रबरी कडेखाली स्वेटरची निळी लोकर अडकलेली होती, शेवयीएवढी जाड. तेवढ्या फटीतून पंखा कालव्याचं पाणी आत फेकत होता.

तिने कड पुसली, हाताचं बोट सगळीकडून फिरवून ती तपासली, झाकण बसवून स्क्रू दोन्ही हातांनी आवळला. मग काठाला बांधलेल्या बोटीतच इंजिन सुरू केलं, पंखा फिरता ठेवला आणि उघड्या फळीशी बसून खाली पाहत राहिली. पाणी येतंय का. नाही. तरी ती उठली नाही.

आणि पाहता पाहता तिला क्लिफर्ड आठवला. पंखा साफ केला की तो हमखास इथेच बसायचा, इंजिन चालू ठेवून, आणि चहा मागायचा. कप हातात देताना ती बावीस वर्षं तेच बोलली होती: एवढंसं काम आणि साहेबांना लगेच बैठक लागते. काय करतोस, विचारलं की तो म्हणायचा, "पाणी बघतोय." तिला वाटायचं, कालवा बघतोय. बदकं, झाडं, काय ते. आळशाला कारण पुरतं, असंही ती एकदा चॅपलमधल्या ऑड्रीपाशी बोलली होती.

"काय गं, काय झालं?" आयव्हरने काठावरून विचारलं.

"तो खाली बघत होता, आयव्हर."

"कोण?"

"क्लिफ. चहा पिताना." तिने डोळे बाहीने पुसले, बाही ओलीच होती. "मला एकदाही सांगितलं नाही."

आयव्हरने टोपी काढून डोकं खाजवलं. "सांगितलं असतं तर तूच बघत बसली असतीस, आणि तुझ्या हातचा चहा बंद झाला असता ना," तो म्हणाला.

ती हसली. मग आत जाऊन दोन कप चहा करून आणला, एक काठावर दिला, आणि स्वतःचा संपेपर्यंत फळीशी बसली. खालचं लोखंड कोरडं होतं. वहीत तिने लिहिलं: झाकण लावल्यावर एक कप चहा. पूर्ण.

गोदीत ती दोन तास उशिरा पोचली. गोदीवाला गॉर्डन कुरकुरला, पण दारं लावून गोदीतलं पाणी बाहेर सोडलं. बोट ठोकळ्यांवर टेकली आणि थेल्माने आपल्या घराचं बूड पहिल्यांदा नीट पाहिलं: शेवाळ, शिंपले, पाण्याच्या रेषेवर गंजाचे बारीक खड्डे. बुडाला लावलेले मॅग्नेशियमचे ठोकळे चोखलेल्या गोळीसारखे झिजले होते. ते लोखंडाच्या वाट्याचा गंज स्वतःवर घेतात, म्हणून ते संपले की चांगलंच, फक्त नवे लावायला विसरायचं नाही. गॉर्डनने पत्र्यावर जागोजागी यंत्र टेकवलं. पाच मिलिमीटर, पाच, कुठे साडेपाच. "नवऱ्याने वेळेवर काळं केलंय," तो म्हणाला. "आणखी वीस वर्षं जाईल. दर तीन वर्षांनी या मात्र."

"दोन वर्षांनी येईन," थेल्मा म्हणाली. "दिवस आत्ताच लिहून ठेवा."

डांबराचे तीन हात तिने स्वतः दिले, रेषेजवळ चौथा. प्रत्येक हात वाळायची वाट पाहिली, गॉर्डनने घाई केली तरी. दुसऱ्या दिवशी बेव्हर्लीचा फोन आला तेव्हा तिच्या कोपरापर्यंत डांबर होतं. पोचलीस का, कुणी मदत केली, त्रास झाला का, असं सगळं लेकीने एका दमात विचारलं. थेल्माने स्वेटरचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, काही लपवलं नाही.

"मग त्या पडद्यांचं काय करू, आई?"

"शिव ना. नाताळात दोन रात्री येईन," थेल्मा म्हणाली. "रंग कोणता आहे?"