स्लिप झालं

बैलबाजारातल्या हौदाजवळ शेवाळावरून एक म्हातारा घसरला. पडता पडता त्याने बैलाचा कासरा धरला, माझी बाही ओढली आणि सावरून हसला, "स्लिप झालो की!" या इंग्रजी शब्दात घसरण्याची लाज उरत नाही. दोष कुणाचाच नसतो.

तासाभरापूर्वी माझा भागीदार दत्तूही हेच म्हणाला होता. आमच्याकडे भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, शेजारच्याला कळू नये म्हणून. माझ्या खिलार जोडीचा शेवटचा भाव फक्त दत्तूला ठाऊक होता. गिऱ्हाइकाने पहिल्याच झटक्यात नेमकी तेवढीच बोटं दाबली. मी दत्तूकडे पाहिलं.

"चहा पिताना तोंडातून स्लिप झालं, अण्णा. एवढं काय तापताय?"

खरोखर घसरणारा माणूस मिळेल ते धरतो, त्याचं सगळं अंग पडण्याशी भांडतं. दत्तू जागचा हललाही नव्हता. त्याची नजर गिऱ्हाइकावर होती.

हौदावरून परत येऊन मी सौदा मोडला आणि जोडी टेम्पोत चढवली. दत्तू नेहमीसारखा पुढे माझ्याशेजारी बसायला आला.

"मागं बैलांजवळ बस," मी म्हणालो. "तुला काय सांगायचं ते त्यांना सांग. ते कुणाला सांगणार नाहीत."