वरदावहिनींचं मोनार्क

इंग्लंडमध्ये वॉटफर्डपासून दहा मैलांवर एक कुरण आहे. एप्रिल ते सप्टेंबर, दर आठवड्याला वरदावहिनी तिथे एका संस्थेसाठी फुलपाखरं मोजतात. वाट ठरलेली. दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यात येईल तेवढंच मोजायचं.

सतरा वर्षं हे काम दोघांचं होतं. वहिनी पुढे चालत नावं पुकारायच्या; चार पावलं मागे त्यांचे यजमान अवधूत, वही आणि कॅमेरा घेऊन. अवधूत माझा बी.कॉम.चा वर्गमित्र. तीन वर्षांपूर्वी तो गेला. आता वही आणि कॅमेरा वहिनींकडेच असतो.

अवधूतला इथे मोनार्क पाहायचं होतं. हे फुलपाखरू अमेरिकेतलं. शरदातल्या वादळी वाऱ्याबरोबर एखादं भरकटत या देशात येतं. "येईल," तो दर सप्टेंबरला म्हणायचा. "हो, तुमचा पत्ता विचारत," वहिनी म्हणायच्या.

गेल्या सप्टेंबरात त्यांचा फोन आला. एरवी फोन मीच करतो.

"भाऊजी, मोनार्क आलं होतं."

त्या सांगत गेल्या. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. गाई कोपऱ्यात उभ्या होत्या. जांभळ्या रानफुलावर तळहाताएवढं नारिंगी फुलपाखरू बसलं होतं, काळ्या शिरांचं. मग ते पंख न हलवता तरंगत या पानावरून त्या पानावर गेलं, पायांनी चाचपत. मादी असावी. अंडी घालायला तिला रुईच्या कुळातलं झाड लागतं. ते त्या कुरणात नाही.

"फोटो?"

"नाही. कॅमेरा गळ्यात होता."

दुर्मीळ नोंद फोटो किंवा दुसरा साक्षीदार असल्याशिवाय मान्य होत नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो. दोन तास फिरलो. काही दिसलं नाही.

"साक्षीदार म्हणून माझं नाव घाला," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलंत?"

"तुम्ही पाहिलंत, ते पुरे."

"ह्यांनी केली असती अशी सही?"

माझ्या लग्नात साक्षीदाराची सही करताना अवधूतने घड्याळ पाहून वेळही लिहिली होती.

वहिनी फाटकाला टेकल्या. "फोटोला दोन मिनिटं होती, भाऊजी. मी मागे वळले. 'अहो, बघा' म्हणाले आणि तशीच थांबले. पुन्हा वळले तोवर ते कुंपणापलीकडे गेलं होतं."

फॉर्म त्यांनी साक्षीदाराची जागा कोरी ठेवून पाठवला. पंधरा दिवसांनी नम्र शब्दांत नकार आला.

पुढे एकदा त्यांनी मला वही दाखवली. प्रत्येक आठवड्याच्या नोंदीखाली पाहणाऱ्यांची आद्याक्षरं असतात. अवधूत गेल्यावरही दोन वर्षं सवयीने 'व., अ.' लिहिलेलं होतं. मोनार्कच्या ओळीखाली फक्त 'व.' होतं.